पाठराखणीने फुगवलेली कलाटणी आणि कादंबरी तडीस न्यायची रीत

विनोदी अद्भुत कादंबरी अर्ध्यात सुटते तेव्हा दोष पुष्कळदा मागच्या पुठ्ठ्यावरच्या पाठराखणीचा, म्हणजे पुस्तकाची भलामण करणाऱ्या मजकुराचा असतो. ‘शेवटच्या पन्नास पानांत अशी कलाटणी, की पायाखालची जमीन सरकेल’ असं तिथं छापलेलं असतं, आणि वाचणारा पहिल्या पानापासून जमीन सरकायची वाट पाहत बसतो. राजा बोलला की संशय, चेटकीण हसली की संशय. चोर शोधायला निघालेल्या माणसाला गंमत दिसत नाही. दीडशे पानांवर तो कंटाळतो, पुस्तक फळीवर जातं आणि परतीची तारीख उलटून जाते.

खालची रीत गावच्या वाचनालयातून पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेल्या कादंबरीसाठी आहे. सगळे आकडे ३२० पानं धरून दिलेत. तुमचं पुस्तक लहानमोठं असेल तर त्या हिशेबाने बदलून घ्या.

वाचायच्या आधी पुस्तक मोजा

पुस्तक फर्म्याफर्म्याने छापतात; एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा. डेमी आकारात फर्मा साधारण १६ पानांचा असतो, म्हणजे ३२० पानांचे २० फर्मे. उशिरा येणारी कलाटणी शेवटच्या पाव भागात असते, म्हणून तिथले पाच फर्मे तपासायचे: २४१ ते २५६, २५७ ते २७२, २७३ ते २८८, २८९ ते ३०४ आणि ३०५ ते ३२०. बांधणीत फर्मा गळला, उलटा लागला किंवा दोनदा लागला, की नेमकी १६ पानं गायब होतात, उलटी येतात किंवा दुबार येतात. तळहाताने मजकूर झाकून फक्त पानाचा आकडा बघत जा, नाहीतर तपासतानाच राजा कोण ते कळायचं. २७२ नंतर एकदम २८९ आलं तर पुस्तक लगेच परत करून ग्रंथपालाला फर्मा गळाल्याची नोंद करायला सांगा. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात लहान वाचनालयात दुसरी प्रत बहुधा नसते, तेव्हा तालुक्याच्या गावी विचारायचं.

जुनी प्रत पुन्हा बांधलेली असेल तर पानाच्या तळाकडेही लक्ष द्या. कडा छाटताना खालचा समास कापला जातो आणि त्यात तळटिपेची शेवटची ओळ जाते. इतर कादंबऱ्यांत त्याने फारसं बिघडत नाही, पण या प्रकारात निम्मी चेष्टा तळटिपांतच असते.

उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टी सांभाळा. चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गाडीच्या बंद डिक्कीत तर त्याहून जास्त. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या पुस्तकाची पाठ तिथं ढिली पडते आणि पानं सुटायला लागतात. डिक्कीऐवजी पुस्तक पिशवीत घालून खांद्याला लावा. दुसरी गोष्ट कूलरची. झोताच्या तोंडाशी बसून वाचलं की पानं ओल धरतात आणि त्यांना लाटा येतात, तेव्हा कूलरच्या बाजूला बसा.

पाठराखण झाका

ही फुगवाफुगवी होते कशी, ते कळलं की राग निम्मा उतरतो. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकाच जाड कागदावर, आतल्या पानांपासून वेगळं छापतात. प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात करायची असेल तर ते आधीच तयार लागतं. त्यामुळे पाठराखण लिहिणाऱ्यापुढे बरेचदा अख्खी कादंबरी नसते, चार ओळींचा सारांश असतो. सारांशात विनोद उतरत नाही, कलाटणी मात्र एका वाक्यात बसते. मग तीच फुगवली जाते.

शाळेच्या पुस्तकाला घालतो तसं वर्तमानपत्राचं कव्हर घाला. वाचनालयाच्या प्रतीला डिंक किंवा चिकटपट्टी लावायची नाही, नुसत्या घड्या आत खोचायच्या. प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाचा.

पाठराखण आधीच वाचून झाली असेल तर ती विसरायचा प्रयत्न करू नका, तसं जमत नाही. त्याऐवजी तिचं वचन जसंच्या तसं एका चिठ्ठीवर उतरवा आणि त्याचे तुकडे पाडा. ‘शेवटच्या पन्नास पानांत’ हे मोजता येतं: ३२० मधून ५० गेले, म्हणजे पान २७१ पासून पुढे. ‘सगळं बदलून जाईल’ हे नंतर तपासता येतं, त्यावर खूण करा. ‘पायाखालची जमीन सरकेल’ याचं काहीच मोजता येत नाही, त्यावर काट मारा. चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवून द्या. लिहून ठेवलेली गोष्ट डोक्यात कमी घुमते, आणि पान २७१ येईपर्यंत तुम्हाला संशय घ्यायचं कारणही उरत नाही.

दिवसांचा हिशेब

कोणतीही पाच पानं घड्याळ लावून वाचा. समजा ८ मिनिटं लागली. म्हणजे अख्ख्या पुस्तकाला ५१२ मिनिटं, साडेआठ तासांच्या आसपास. पहिली २४० पानं दहा दिवसांत काढायची: रोज २४ पानं, साधारण ४० मिनिटं. अकराव्या दिवशी वाचायचं नाही. बाराव्या दिवशी उरलेली ८० पानं एका बैठकीत, त्याला सव्वादोन तास धरा. तीन दिवस हाताशी राहतात.

रोजची २४ पानं तुकड्यातुकड्याने वाचली तरी चालतात. रब्बीत शेतपंपाची लाईन रात्रीची असली, तर गव्हाला पाणी सोडलं की एक वाफा भरेपर्यंत धुऱ्यावर बसून दोन पानं होतात. शेवटच्या ८० पानांना मात्र ही सवय लावू नका. विनोदाचा नेम वेळेवर असतो. मध्येच उठून पाणी वळवून आलात की वाक्य तेच राहतं, पण हसू येत नाही. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना असं पुस्तक आणूच नये हे बरं. नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली दुपार सगळ्यात सोयीची: एक ते चार कोणी वावरात जात नाही आणि कोणी बोलावतही नाही. लाईट जाते म्हणून चार्जिंगची बॅटरी आदल्या रात्रीच भरून ठेवा.

गमतीचा माग काढा

अख्ख्या रीतीत मोलाचं काम हेच. अशा कादंबरीत कलाटणी बहुधा एखाद्या चेष्टेच्या पोटातून निघते, आणि ती चेष्टा तुम्ही आधी दोनदा ऐकलेली असते. पहिल्या खेपेला ती नुसती माहिती वाटते, दुसऱ्या खेपेला हसू येतं, आणि तिसऱ्या खेपेला कथा तिच्यावर वळते. म्हणून नोंद ठेवायची ती परत परत येणाऱ्या गमतीची. माणसांवर पाळत ठेवून काही हाती लागत नाही.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची एक इंच रुंद, सहा इंच लांब पट्टी कापा. तीच खूणपट्टी आणि तीच वही. गंमत दुसऱ्यांदा आली की पानाचा आकडा आणि तीन-चार शब्द लिहा, पहिल्यांदा कुठं आली होती तेही आठवून शेजारी टाका. पुस्तकात पेन्सिल लावायची नाही, पानाचा कोपरा दुमडायचा नाही. अख्ख्या पुस्तकात आठ-दहा नोंदी पुरतात. तीसच्या वर गेल्या तर समजा, तुम्ही पुन्हा चोर शोधायला लागलात.

एक नमुना जवळून बघू. समजा, एका राज्यात भुतांनाही पेन्शन आहे. पिंपळावरचा मुंजा दर नोव्हेंबरात कचेरीत हयातीचा दाखला मागायला येतो. मेलेल्याने हयातीचा दाखला आणायचा, इथं पहिलं हसू. पान ३१ वर म्हातारा कारकून त्याला सांगतो, ‘सही उद्या.’ पान ११८ वर राणी स्वतः जमिनीचा कागद घेऊन येते. तिलाही तेच, ‘सही उद्या.’ पान २०३ वर राक्षसाची फौज वेशीवर उभी आहे आणि तहाच्या कागदावर सही हवी आहे. कारकून चष्मा पुसतो, टाक उचलतो, दौतीत बुडवतो, जास्तीचा थेंब दौतीच्या काठाला निपटतो आणि टाक परत खाली ठेवतो. ‘सही उद्या.’ पान २६८ वर कळतं, की बारा वर्षांपूर्वी हरवलेला राजा तो हाच. शाप असा, की सही करायला गेला तर त्याचं खरं नाव कागदावर उमटेल आणि त्याच क्षणी तो मरेल.

पाठराखण डोक्यात घेऊन बसलेला वाचक या सगळ्या काळात चेटकिणीवर, नव्या पाहुण्यावर आणि एका डोळ्याच्या घोडेवाल्यावर नजर ठेवून होता. ‘सही उद्या’ त्याने कचेरीची टवाळी म्हणून सोडून दिलं. तुमच्या पट्टीवर मात्र ‘३१, ११८, २०३, सही उद्या’ अशी ओळ आहे. आणि पाठराखणीचं गणितही चुकलंय बघा: वचन २७१ नंतरचं, कलाटणी २६८ वर.

मधली पानं, साधारण १३० ते १९०, या प्रकारात सैल असतात. मंडळी प्रवासाला निघालेली असतात आणि लेखकाला वाटेतलं प्रत्येक गाव दाखवायचा मोह होतो. इथं थोडं भराभर गेलं तरी चालतं. वंशावळी, लढाईतले डावपेच, पोशाखांची वर्णनं नजर फिरवून सोडा. संवाद आणि तळटिपा सोडू नका. लांबलचक याद्यांना एक युक्ती आहे: पहिले दोन जिन्नस आणि शेवटचा वाचा. विनोदी लेखक काडी लावतो ती यादीच्या शेपटीला. सुरुवातीला नकाशा छापला असेल तर तो एकदाच बघा, या प्रकारात नकाशा बरेचदा थट्टेसाठीच असतो.

अकराव्या दिवशी पुस्तक बंद ठेवून फक्त पट्टी वाचा. जी गंमत दोनदा-तीनदा आली पण जिचा पुढे काहीच उपयोग झाला नाही, तिच्यावर खूण करा. कलाटणी आलीच तर बहुधा तिथून येईल. कोण, कसं याचा अंदाज बांधत बसू नका, उद्या कळणारच आहे.

क्रियापद चुगली करतं

विनोदी अद्भुत पुस्तकं मराठीत अनुवाद होऊन पुष्कळ येतात, आणि तिथं एक वेगळीच अडचण होते. इंग्रजीत एखादं पात्र बाई आहे की पुरुष हे शेवटपर्यंत झाकता येतं. मराठीत क्रियापदच सांगून टाकतं: गेला, गेली. आदरार्थी वळवलं तरी सुटका नाही: आले, आल्या. मग अनुवादक आडवाटेने जातो. ‘ती आकृती पुढे सरकली’, ‘बुरख्यातली व्यक्ती हसली’, ‘आवाज म्हणाला’ असं पानोपान चालू राहतं. एखाद्या पात्राला चाळीस पानं नुसती ‘व्यक्ती’ म्हटलेलं दिसलं, की मूळ पुस्तकातली गाठ तिथं होती एवढं ओळखा.

‘मी’ने सांगितलेल्या कथेत हे आणखी बारीक होतं. ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’, ‘आम्ही निघालो’ यांतून काही कळत नाही, ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतून लगेच कळतं. आपल्याकडे वऱ्हाडात बाया ‘मी गेली’, ‘मी आली’ म्हणतात, त्यामुळे छापील ‘मी गेले’ वऱ्हाडी कानावरून नुसतं पुस्तकी वाटून घसरून जातं. निवेदक कोण हेच कोडं असलेल्या पुस्तकात अशा एका शब्दावर सगळं फुटलेलं असतं. शब्दांच्या कोटीवर उभी असलेली कलाटणी तर अनुवादात बरेचदा मरतेच. ती ‘समजली नाही’ म्हणून स्वतःला बोल लावू नका.

शेवटची ऐंशी पानं

पाणी जवळ घेऊन बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पान २४१ पासून पट्टीवर नवी नोंद करायची नाही.

कलाटणी आली की ते प्रकरण संपवा आणि दहा मिनिटं थांबा. पट्टीवरची तीन पानं परत काढून वाचा, आमच्या नमुन्यात ३१, ११८ आणि २०३. पान २०३ वर पहिल्या खेपेला तुम्ही हसला होतात. आता तोच टाक, तोच थेंब, तीच ‘सही उद्या’ वाचा. त्या म्हाताऱ्याने स्वतःच्या जिवावर सही करायचं जवळजवळ ठरवलं होतं आणि टाक खाली ठेवला, हे आता दिसतं. पाठराखणीने ज्या धक्क्याचं वचन दिलं तो हा नव्हे. पण पुस्तकात जे आहे ते हे आहे, आणि मागे जाऊन वाचल्याशिवाय ते हाती लागत नाही.

कलाटणी केव्हा आली तेच कळलं नाही, असंही होतं. मग पान २४१ नंतर तीन खुणा शोधा: एखाद्या पात्राला दुसऱ्याच नावाने हाक मारली गेली, जुनं वाक्य शब्दशः परत आलं, किंवा सबंध पानभर एकही विनोद नाही. तिसरी खूण सहसा चुकत नाही. हसवणारा लेखक पानभर गप्प बसला की समजा, तो काहीतरी जड खाली ठेवतोय.

उलट, पान ९० वरच सगळं ओळखू आलं तर पुस्तक टाकायचं कारण नाही. दंडारीच्या लोकनाट्यात लुगडं नेसून आलेला गडी पुरुष आहे हे बसलेल्या शेवटच्या पोरालाही ठाऊक असतं. तो पदर सावरतो तेव्हा हसू फुटतं ते ठाऊक असतं म्हणूनच. कारकूनच राजा हे ओळखलं असेल तर प्रत्येक ‘सही उद्या’ला तुम्हाला दुप्पट मिळतं. असा वाचक नफ्यात असतो.

सगळ्यात जास्त पुस्तकं सुटतात ती कलाटणीच्या लगेच नंतर. ‘झालं, कळलं’ म्हणून मंडळी पान २८० वर थांबतात. उरलेल्या चाळीस पानांत लेखक सगळ्या चेष्टांची उसनवारी फेडत असतो. मुंजाला दाखला मिळाला का, राणीच्या जमिनीचं काय झालं, फौज वेशीवरून कशी परतली, हे तिथंच असतं. तिथवर आलात आणि दम लागला, तर शेवटची दहा पानं मोठ्याने वाचा. मोठ्याने एका पानाला अडीच मिनिटं धरली तर पंचवीस मिनिटांत संपतं. ओसरीवर चार जण असतील तर संवाद सरळ आपल्या बोलीत वाचा. ‘सई उद्या भेटन, आज काहून आले तुमी?’ म्हटलं की छापील वाक्यात गोठलेला कारकून हलायला लागतो. निवेदन मात्र प्रमाण भाषेतच ठेवा, दोन्ही बोलीत केलं तर कोण बोलतंय ते कळत नाही.

निकाल आणि चिठ्ठी

आता मागच्या पुठ्ठ्यातली चिठ्ठी काढा आणि तीन प्रश्न विचारा. कलाटणीचा पुरावा आधीच्या पानांत होता का? ती कळल्यावर मागचा निदान एक प्रसंग वेगळा दिसला का? ती काढून टाकली तर शेवट कोसळतो का? तिन्हींपैकी निदान दोनांना ‘हो’ असेल तर लेखकाने आपलं काम केलंय, खोटं बोलली ती पाठराखण. एकच ‘हो’ असेल तर कलाटणी लंगडी आहे, पण पुस्तक तेवढ्याने वाईट ठरत नाही, पट्टीवर किती गमती जमल्या ते बघा. एकही नसेल तर पुस्तकच पोकळ, आणि तसं स्पष्ट सांगायला हरकत नाही. लेखकावरचा आणि पुठ्ठ्यावरचा राग एकाच वाक्यात कालवू नका. नाहीतर ग्रंथपाल पुढच्या खरेदीला त्या लेखकाचं नाव गाळतो आणि पुठ्ठा लिहिणारा नामानिराळा राहतो.

पुढच्या वाचणाऱ्यासाठी दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. तीत ‘कलाटणी’, ‘धक्का’, ‘शेवट’ हे शब्द येऊ देऊ नका, नाहीतर नवी पाठराखण तुम्हीच लिहिलीत. असं काहीतरी चालेल: ‘कचेरीची टवाळी फर्मास. १३० ते १९० सैल, भराभर जा. तळटिपा सोडू नका. पान २०३ सावकाश वाचा.’

पुस्तक परत करताना वर्तमानपत्राचं कव्हर तसंच राहू द्या. ग्रंथपालाने काढायला लावलं तर घड्या मोडू न देता काढा आणि पुस्तक न्यायला रांगेत असलेल्याच्या हातात द्या.